नाव न घेतलेली मूठ

अकरावीला समाजशास्त्र शिकवायला लागले तेव्हा मला ते सगळं स्वच्छ कळत होतं. आता कळत नाही. पुस्तकाच्या सुरुवातीलाच पायाभूत संकल्पनांचं प्रकरण आहे: समाज, संस्कृती, गट, ओळख, सत्ता. प्रत्येक शब्दाखाली ठळक अक्षरांत व्याख्या आणि तिच्याखाली एखादं गुळगुळीत उदाहरण. मुलं व्याख्या पाठ करतात, उदाहरण सोडून देतात आणि पास होतात. मी मात्र दरवर्षी त्याच प्रकरणात अडखळते आणि मग चिडते. माझं चिडणं शाळेत सगळ्यांना ठाऊक आहे. शिपाईसुद्धा त्या आठवड्यात माझ्या वर्गात चहा विचारायला येत नाही.

शाळा सुरतेतल्या उधन्याची, माध्यम गुजराती. वर्गातली निम्मी पोरं आमच्याकडची, म्हणजे खानदेशातली. काही मराठवाड्यातली, विदर्भातली. आपसांत ती गुजराती बोलतात, भांडताना हिंदी. मला 'बेन' म्हणतात. 'ओळख' हा शब्द शिकवत असताना एका पोरीनं सरळ विचारलं, "बेन, तमे गुजराती के मराठी?" मी म्हटलं, पुस्तक काढा. दुसरं काय म्हणणार? सुरतेत मी मराठी आहे. गावी गेले की 'सुरतवाली' आहे. आणि लहानपणी महापालिकेच्या मराठी शाळेत जात होते तेव्हा बाई म्हणायच्या, "हे काय बोलतेस, हे मराठी नाही, नीट बोल." कारण मी घरची अहिराणी बोलत होते. म्हणून मी ती सोडली. तेव्हापासून माय माझ्याशी अहिराणीत बोलते आणि मी तिला पुस्तकी मराठीत उत्तर देते. लोकांना आमचं संभाषण विचित्र वाटतं. आम्हाला त्याची सवय झाली आहे.

आता ज्या गोष्टीपायी माझा गोंधळ कायमचा झाला ती सांगते. ती कानबाईची आहे.

कानबाई ही आमची, खानदेशातल्या लोकांची देवी. श्रावणात नागपंचमी झाली की पुढच्या रविवारी ती घरात बसते. देवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेला नारळ. त्याला नथ, डोळे, दागिने घालून चौरंगावर बसवायचं आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायचं. आमच्या घरचा नारळ आजोबांचा. आप्पा, म्हणजे माझे वडील, गाव सोडून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करायला सुरतेत आले तेव्हा थोरले म्हणून तो त्यांच्या वाट्याला आला. रेल्वेत तो त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. सोमवारी नदीवर गेलो की माय तापीकडे बघून म्हणते, पाणी तर आपल्या गावावरूनच येतं. हे ती दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी नव्यानं सुचल्यासारखं म्हणते.

देवीइतकेच महत्त्वाचे असतात रोट. गव्हाच्या पिठाचे जाड रोट, दुधाबरोबर खायचे. ते फक्त कुळातल्या माणसांनी खायचे, बाहेरच्या कोणाला घासभरसुद्धा द्यायचे नाहीत, उरले तर पुरायचे. आणि त्या रोटांसाठी गहू घ्यायचे ते घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. एक भरलेली मूठ, वर पाव. पुरुषाच्या नावानं. बायका रोट करतात, भाजतात, खातात, पण त्यांच्या नावाची मूठ नसते. लग्न झालेल्या मुलीचं कूळ बदललं म्हणून तिला रोट चालत नाहीत. सुनेचं कूळ बदललं म्हणून तिला चालतात. माझं लग्न झालं नाही, म्हणून पंचेचाळिशी उलटली तरी मी खाते. कशाच्या आधारावर खाते, हे मी कधी स्वतःला विचारलं नव्हतं.

विचारलं ते वर्गातल्या एका पोरीनं. आप्पा गेल्यानंतरचं दुसरं वर्ष होतं आणि कानबाई पुढच्या रविवारवर आली होती. मी 'गट' शिकवत होते. पुस्तक म्हणतं, जो स्वतःला गटाचा मानतो आणि ज्याला गटही आपला मानतो, तो सभासद. मला वाटलं, पोरांना घरचं उदाहरण द्यावं. मी ऐटीत कानबाईचे रोट सांगितले. कुळातलेच खातात, म्हणजे बघा, गटाची सीमा कशी ताटातसुद्धा दिसते. खानदेशातली पोरं खूश झाली. बेनच्या तोंडून कानबाई ऐकून एकदोघे लाजलेसुद्धा. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिला काही सिद्ध करायचं नव्हतं, तिला खरंच अडलं होतं. म्हणाली, "बेन, मूठ तर भाईची काढतात. मग मी गटात आहे की नाही?"

"तू रोट खातेस ना?"

"खाते. पण मोजत नाहीत."

मी फळ्याकडे वळले आणि आधीच लिहिलेली व्याख्या पुन्हा लिहिली. पोरांना वाटलं मी काहीतरी महत्त्वाचं लिहिते आहे. त्यांनीही ती पुन्हा उतरवून घेतली.

घरी येईपर्यंत मी स्वतःवर चिडले होते आणि कानबाईवरही. मी काय देवभोळी नाही. पितृसत्ता वगैरे मी दरवर्षी शिकवते, तावातावानं शिकवते. मग ही प्रथा मला कधी टोचली कशी नाही? आणि आज टोचते आहे तर मोडून का टाकू नये? पण मोडायची म्हटलं की मन तयार होत नव्हतं, आणि त्यासाठी पुस्तकात शब्द नव्हता.

त्यातून त्या वर्षी घरात वेगळंच घाटत होतं. आप्पा गेले त्या वर्षी आमच्याकडे रोट झाले नाहीत. मरण झालं त्या वर्षी आमच्यात करत नाहीत. दुसऱ्या वर्षी कानबाई पुन्हा बसणार म्हटल्यावर काका यायला लागले. काका म्हणजे आप्पांचे धाकटे भाऊ. साड्यांवर टिकल्या, लेस लावून घेण्याचा त्यांचा धंदा आहे, दिंडोलीला दोन मजली घर आहे आणि आमच्या लोकांच्या मंडळात त्यांचा शब्द चालतो. त्यांचं म्हणणं एवढंच की यंदापासून कानबाई आपल्या घरी बसवू. जागा मोठी, मंडप टाकता येईल, लोक येतील. लोक म्हणजे कोण हे ते आधी सांगत नव्हते. महापालिकेची निवडणूक जवळ होती. उभे राहणारे सगळे श्रावणात कानबाईच्या पाया पडत फिरतात आणि 'मराठी भाईओ, बहेनो' म्हणून हात जोडतात. एरवी आम्ही 'पेला मराठी लोको', म्हणजे 'ते मराठी लोक', असतो.

माय नाही म्हणाली. तिचं नाही म्हणजे ती बोलत नाही, उठून भांडी घासायला लागते. काका दोनदा आले, दोनदा भांडी घासली गेली.

मला माहीत होतं तिचं काय पणाला लागलं आहे. आमचं घर म्हणजे लूमच्या शेडवरची दोन खोल्यांची जागा. खाली खटखट चालू असते, कपाटातल्या वाट्या हलतात. भाऊ सुरतेबाहेर चलथाणला नोकरी करतो, तो आणि वहिनी तिकडेच राहतात, सणाला येतात. आप्पा गेल्यावर मायकडे वर्षातून एकदा माणसं येतात ती कानबाईला. काकांचं घर, त्यांची मुलं, भाऊ, वहिनी, सगळे तिच्या हातचे रोट खायला त्या दोन खोल्यांत दाटीवाटीनं बसतात. कानबाई दिंडोलीला गेली असती तर माय तिथे पाहुणी म्हणून गेली असती, नवं लुगडं नेसून, हात धुऊन, एका बाजूला बसून. मला ते चित्र सहन होत नव्हतं. म्हणजे बघा, ज्या प्रथेवर मी वर्गातून चिडून आले होते, तीच आमच्या घरातून जाऊ नये म्हणून मी काकांवर चिडले होते. दोन्ही राग खरे होते. दोन्ही एकाच वेळी कसे खरे असतात ते मला अजून कळलेलं नाही.

शनिवारी सकाळची शाळा करून घरी आले तेव्हा गहू निवडून झाले होते. आदल्या संध्याकाळी मायनं घंटीवाल्याला, म्हणजे पिठाच्या गिरणीवाल्याला सांगून ठेवलं होतं. तो मारवाडी आहे, पण कानबाईचं दळण म्हटलं की घंटी धुऊनपुसून देतो आणि मध्ये दुसऱ्या कोणाचं धान्य घालत नाही. भाऊ भिंतीला टेकून फोन बघत होता. वहिनी सूप झटकत होती. काका खुर्चीवर बसले होते. घरातला थोरला पुरुष म्हणून मूठ काढताना आता त्यांनी हजर राहायचं होतं. मी मायच्या शेजारी जमिनीवर बसले.

मूठ काढायची आमच्याकडे एक रीत आहे. घरची थोरली बाई गव्हाच्या पातेल्यात हात घालते, नाव घेते, मूठ भरून ताटात टाकते, वर पाव टाकते. मग पुढचं नाव. लहानपणापासून मी हे बघत आले आहे. आणि त्यात एक मूठ नेहमी मुकी असायची. माय नवऱ्याचं नाव घेत नव्हती. उखाण्यातसुद्धा तिनं ते कसंबसं एकदाच घेतलं म्हणतात. त्यामुळे आप्पांची मूठ काढताना ती गप्प राहायची, डोळे मिटायची, मूठ टाकायची, पाव टाकायची आणि डोळे उघडून पुढच्याचं नाव घ्यायची. घरात सगळ्यांना ठाऊक होतं, मुकी मूठ आप्पांची. लूमवर आप्पांचे कान गेले होते. तिनं ओरडून नाव घेतलं असतं तरी त्यांना ऐकू आलं नसतं. पण ते दाराशी उभे राहून बघायचे, आणि ती मूठ पडली की मगच चहा मागायचे.

त्या शनिवारी मायनं काकांचं नाव घेतलं, मूठ टाकली. काकांच्या मुलांची नावं घेतली. भावाचं घेतलं. भावाच्या मुलाचं घेतलं. मला वाटलं, झालं. तर तिनं पुन्हा पातेल्यात हात घातला. डोळे मिटले. मूठ टाकली. पाव टाकली.

खालच्या लूमचा आवाज एकदम वाढल्यासारखा वाटला. मायनं डोळे उघडले आणि ताटाकडे बघत राहिली. तिचा हात गव्हातच होता. मला कळलं की सवयीनं झालं. इतक्या वर्षांचा हात, तो आपोआप गेला.

काका खुर्चीवरून पुढे झुकले. "हाई मुठले नाव नही लिधं, वहिनी. कोनी शे?"

मायची बोटं गव्हात फिरत राहिली.

"दादा गया, वहिनी," काका म्हणाले. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि त्यामुळे माझी फार पंचाईत झाली, कारण मी भांडायच्या तयारीनं बसले होते. "गयेल मानूसनी मूठ रोटमा काढतस का?"

खरं तर असं झालं तर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. मेलेल्या माणसाची मूठ जिवंत माणसांच्या मुठींत मिसळली होती. गव्हाच्या दाण्यांवर काही लिहिलेलं नसतं. वहिनी म्हणाली, वरचे वरचे दाणे काढून टाकू. भाऊ म्हणाला, काय फरक पडतो. काकांनी दोघांकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी डोळे पुसले, पाणी प्यायलं आणि हळूहळू ते पुन्हा मंडळाचे काका झाले. म्हणाले, हे गहू गाईला घालू. यंदा रोट मोडले असं समजू. वहिनींचं वय झालं, चूक माणसाकडूनच होते. पुढच्या वर्षापासून कानबाई दिंडोलीला बसेल, तुमच्यावर भार नको. हे सगळं ते प्रेमानंच बोलले. तेच तर वाईट होतं.

मी त्या क्षणी काय करत होते सांगू? मी संकल्पना आठवत होते. याला काय म्हणायचं? ही सत्ता आहे का? पुस्तकात आहे, विरोध असतानाही आपली इच्छा अमलात आणण्याची क्षमता म्हणजे सत्ता. पण विरोध कुठे होता? माय बोलतच नव्हती. मग ही रीत आहे का? रीत मोडली की समाज दंड करतो, हेही शिकवते मी. पण समोर एक रडलेला दीर आणि एक चुकलेली भावजय होती, आणि दंड काय, तर म्हातारीला आराम. मराठीत बोलू की अहिराणीत, हेही ठरेना. मराठीत बोलले असते तर काका म्हणाले असते, मास्तरीणबाई, ही तुमची शाळा नाही. मला स्वतःची इतकी चीड कधी आली नव्हती.

मायनं गव्हातून हात बाहेर काढला, पदराला पुसला आणि म्हणाली, "पोरनी शे."

काका म्हणाले, "काय?"

"मूठ. मन्ही पोरनी शे."

वहिनीच्या हातातलं सूप थांबलं. भावानं फोन खाली ठेवला. आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतकी वर्षं मी त्या घरात बसत आले होते, पण असं कोणी बघितलं नव्हतं.

काका क्षणभर हसले. "बाईमानूसनी मूठ ऱ्हास का कोठे? आनि तिन्ही व्हती तं नाव का नही लिधं?"

माय म्हणाली, "तिनं नाव काय लेवानं? ती आठेच बठेल शे."

इथेच बसलेल्या माणसाचं नाव काय घ्यायचं, असं तिचं म्हणणं. मग काकांनी ते केलं जे मी त्यांच्या जागी असते तर कदाचित केलं असतं. देवळीतल्या लाल कापडात गुंडाळलेल्या नारळाकडे बोट दाखवून ते म्हणाले, "कानबाईना म्होरे सांगा, वहिनी."

माझी माय देवीसमोर खोटं बोलणारी बाई नाही. लहानपणी मी कोणाचं काही घेतलं की ती मला देवळीसमोर उभी करायची, आणि मी कबूल व्हायचे. ती उठली. गुडघ्यांवर हात ठेवत, सावकाश. देवळीपाशी गेली, लाल कापडाला हात लावला, आणि तेच पुन्हा म्हणाली, तेवढ्याच आवाजात. मग काकांकडे वळून म्हणाली, "दरसाल मूठ कोन काढस, भाऊ? मीच ना? मंग कोनी काढी ते मालेच ठाऊक."

काकांच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नाही. भावजय खोटं बोलते असं कानबाईसमोर म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. बाईची मूठ चालते असं म्हणणंही शक्य नव्हतं. दोन रीती एकमेकींना अडकल्या होत्या, आणि मधे माझे काका. शेवटी ते उठले, चपला घालता घालता म्हणाले, "दळी लई या मंग. घंटी बंद व्हई जाई."

दळण मी नेलं. डबा डोक्यावर नव्हता, स्कूटीवर माझ्या पायाशी होता, तरी मला मान वर करता येत नव्हती. खूश व्हावं की नाही तेच कळत नव्हतं. माझी मूठ निघाली होती, जे आमच्या कुळात कोणा बाईचं झालं नव्हतं. पण ती खरंच माझी होती का? माझ्या शेजारी बसलेल्या मायचे डोळे मिटलेले मी बघितले होते. माझ्यासाठी कोणी डोळे मिटत नाही. ती मूठ आप्पांचीच होती, आणि घर वाचवायला मायनं ती माझ्या नावावर केली, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, ती देवीला हात लावून खोटं बोलणार नाही, म्हणजे खरंच माझी असेल, म्हणजे आप्पा गेल्यापासून ती मनात हे घेऊन होती. पहिलं खरं असेल तर मी फक्त निमित्त. दुसरं खरं असेल तर मी मायला ओळखतच नव्हते. पीठ अंगावर उडत होतं आणि घंटीवाला जाड की बारीक ते विचारत होता, "बेन, जाडुं के झीणुं?" मी त्याला दोनदा हो म्हटलं.

रविवारी कानबाई आमच्याच दोन खोल्यांत बसली. काकांनी एका उमेदवाराला घेऊन यायचं ठरवलं होतं, तोही आला, जिना चढून धापा टाकत. त्यानं नारळाला हात जोडले, मायच्या पाया पडला आणि घरात मतं किती हे भावाला विचारलं. भावानं आम्हा सगळ्यांची मोजून सांगितली. त्यात माझं होतं, मायचंही होतं. तिथे बाईचं मत पूर्ण धरतात, सव्वा नाही, पण पूर्ण. मला हसू आलं आणि मी आत गेले.

सोमवारी नदीवरून परत आल्यावर रोट आणि दूध वाढलं. मी वाटी हातात घेतली पण खाईना. माय ओट्यापाशी एकटी होती. मी जाऊन विचारलं, "खरं सांग. ती मूठ कोणाची होती?"

ती म्हणाली, "खाय. दूध थंडं व्हई ऱ्हायनं."

मी खाल्ला. रोट नेहमीसारखाच होता, जाड आणि थोडा कच्चा. तो खाताना मला रडू आलं, आणि कशासाठी ते आजही सांगता येणार नाही. मी आप्पांचा वाटा खाल्ला की माझा, मला माहीत नाही.

पुढे शाळेत त्या मागच्या बाकावरच्या मुलीनं पुन्हा विचारलं नाही. ती परीक्षेत व्याख्या लिहून पास झाली. मला तिला सांगायचं होतं, की अगं, आमच्याकडे असं असं झालं. पण काय सांगू? गट बदलला म्हणू? बदलला असता तर काकांच्या मुलीचीही मूठ निघाली असती. रविवारी ती तिथेच नारळाची नथ सारखी करत होती, तिचं नावही कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही. ते मला शाळेतून घरी परतल्यावर, भांडी विसळताना आठवलं.

गेल्या श्रावणात मायच्या हातांना कंप सुटला होता. चहाचा कप ती दोन्ही हातांनी धरते. शनिवारी गहू निवडून झाले, काका येऊन खुर्चीवर बसले, भाऊ भिंतीला टेकला. मायनं पातेल्यात हात घातला आणि मूठ अर्ध्यातच सांडली. तिनं पुन्हा भरली, पुन्हा सांडली. मग तिनं पातेलं माझ्याकडे सरकवलं. "मना हात थरथरतस. आते तू काढ."

मी काकांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली नाही, पण नाहीही म्हटलं नाही. त्यांचेही केस आता पांढरे झाले आहेत.

मी काकांचं नाव घेतलं, मूठ टाकली, पाव टाकली. त्यांच्या मुलांची घेतली. भावाचं घेतलं, भाच्याचं घेतलं. आता ती जागा आली. माय माझ्या हाताकडे बघत होती. मुलीनं बापाचं नाव घ्यायला हरकत नसते, आणि स्वतःचं घ्यायलाही मला कोणी अडवलं नसतं. दोन्ही नावं ओठांवर आली. मी एकही घेतलं नाही. मुकाट्यानं मूठ टाकली, पाव टाकली. डोळे मिटले होते का, आठवत नाही. कोणी विचारलं नाही. ती मूठ आता घरात रुळली होती, कोणाची का असेना.

आणि मग माझा हात पुन्हा पातेल्यात गेला. मी ठरवलं नव्हतं. मी आणखी एक मूठ भरली आणि ताटात टाकली.

माय म्हणाली, "आते ही कोनी?"

इतक्या वर्षांत मी तिच्याशी अहिराणीत बोलले नव्हते. जीभ वळेल की नाही याची मला खात्री नव्हती. मी तिच्याकडेच बघत म्हटलं, "तिनं नाव काय लेवानं? ती आठेच बठेल शे."

काकांची खुर्ची करकरली. भाऊ माझ्याकडे बघत होता. माय ताटाकडे बघत राहिली. तिला ते आवडलं की नाही, मी रीत राखली की पार मोडली, तिच्या चेहऱ्यावरून काही कळेना. मग तिनं थरथरतं बोट ताटाकडे केलं.

"सव्वा मूठ ऱ्हास," ती म्हणाली. "वरनी पाव ऱ्हायनी."